भाद्रपदातील कॉफी सल्ला : पंप भरण्यापूर्वी बुरशी ओळखा

मुळशी, मावळ किंवा वेल्ह्याच्या घाटपट्ट्यात ज्यांनी सावलीखाली हौसेने कॉफी लावली असेल, त्यांनी पाऊस ओसरताना झाडावर दिसणारी प्रत्येक बुरशी हा रोगच समजून बुरशीनाशक मारू नये. यातील काही बुरशी किडीच्या आधाराने वाढते आणि एक तर आपलेच काम करीत असते.

पान उलटून मध्यशिरेलगत पाहावे. तेथे चपटी, हिरवट खवले कीड चिकटलेली असेल, तर तिच्या गोड, चिकट स्रावासाठी मुंग्यांची रांगही दिसेल. हा स्राव खालच्या पानांवर पडला की त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. ती पानात शिरत नाही, केवळ ऊन अडवते. खवले आटोक्यात आले की वाळून सुटते. तिच्यावर औषध वाया घालवू नये. मुंग्या मात्र खवल्यांच्या शत्रूंना जवळ फिरकू देत नाहीत, म्हणून आधी त्यांचा बंदोबस्त करावा.

मेलेल्या खवल्याभोवती कापसासारखे पांढरे वलय दिसल्यास त्या झाडाला हात लावू नये. ही खवल्यांना मारणारी, बाजारात व्हर्टिसिलियम म्हणून विकली जाणारीच बुरशी होय. पुरंदरच्या सीताफळ बागायतदारांना ती पिठ्या ढेकूण या किडीमुळे परिचित आहे. वलय नसल्यास हवेत ओलावा असेपर्यंत लिटरभर पाण्यात या बुरशीची 5 ग्रॅम भुकटी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावी. तांबेरा या पानांवरील रोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) द्यायचे असेल, तर दोन्हींत किमान 15 दिवसांचे अंतर ठेवावे, अन्यथा विकत आणलेली बुरशी आपणच मारून बसतो.

रोबस्टा जातीच्या कॉफीच्या काड्या अधूनमधून सुकत असतील, तर काडीच्या खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र शोधावे. काडी उभी चिरली की आत पोकळी आणि तिच्या भिंतीवर बुरशीचा थर दिसतो. मादी भुंगेरा ही बुरशी स्वतःच्या अंगातून घेऊन येतो, आत पेरतो, आणि अळ्या लाकूड न खाता तिच्यावरच पोसतात. हीसुद्धा एक शेतीच म्हणायची. येथे फवारणी आत पोहोचत नाही. छिद्राच्या खाली 5 ते 7 सेंटीमीटरपर्यंत काडी छाटून त्याच दिवशी जाळावी. छाटलेले बांधावर रचून ठेवण्याची सवय येथे नडते, कारण नवे भुंगेरे त्या ढिगातूनच बाहेर पडतात. दाट सावली विरळ करावी आणि साचलेल्या पाण्याला चर काढून वाट द्यावी.