दोन भाषांच्या बैठकीत ‘स्टार ट्रेक’ कसं दाखवावं

बेळगावचं शहापूर, वडगाव, अनगोळ, नाहीतर जवळचं निपाणी, खानापूर. कुठलीही गल्ली घ्या, एका भिंतीला मराठी घर असतं तर दुसऱ्या भिंतीला कन्नड, आणि मधेच एखादं उर्दू नाहीतर कोंकणी बोलणारं. अशा दहा-पंधरा शेजाऱ्यांनी महिनाभर दर शनिवारी एकत्र बसून ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या अमेरिकी विज्ञानमालिकेचा एकेक भाग बघायचा आणि त्यावर बोलायचं, तर काय तयारी लागते ते पुढे आहे. पंधराच्या वर माणसं घेऊ नका. वीस झाली की दोन कोपरे पडतात, आणि कोपरे कुठल्या भाषेचे असतील ते सांगायला नको.

भाग कसे निवडायचे

मालिका 8 सप्टेंबर 1966 ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. यानाच्या ब्रिजवर, म्हणजे यान चालवायच्या खोलीत, आफ्रिकी उहुरा होती, जपानी वंशाचा सुलू होता (हिरोशिमाला तेव्हा एकवीसच वर्षं झाली होती), आणि दुसऱ्या हंगामापासून, ऐन शीतयुद्धात, रशियन चेकॉव्ह आला. नवखे संयोजक हा फोटो दाखवून ‘बघा, किती सहिष्णू’ म्हणतात आणि तिथेच बैठक थंडावते. सगळे मान डोलावतात, कुणाला काही बोलायचं उरत नाही. त्यामुळे यानावरची शहाणी माणसं स्वतःच चुकतात, घाबरतात, हट्टाला पेटतात आणि मग चूक निस्तरतात, असे भाग निवडा.

पहिल्या शनिवारी ‘द डेव्हिल इन द डार्क’ (मार्च 1967) लावा, मुलंही बसू शकतात. जॅनस-6 ग्रहावरच्या खाणीत कुठलासा प्राणी पन्नास कामगारांना मारतो आणि सगळे त्याच्या जिवावर उठतात. पुढे कळतं, खाणीत सापडलेले नि बेफिकिरीने फोडलेले सिलिकॉनचे गोळे ही त्याची अंडी आहेत. ते गोळे पडद्यावर पहिल्यांदा येतात तिथे थांबवा आणि हे काय असेल विचारा, उत्तरं कागदावर लिहून ठेवा. खानापूर भागात हा भाग रूपक म्हणून उरत नाही. दहा मिनिटांत गोष्ट शेतात शिरणाऱ्या गव्यांवर येते. येऊ द्या, पण भरपाईच्या अर्जांपर्यंत पोचली की परत खाणीत आणा.

दुसऱ्या शनिवारी ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’ (जानेवारी 1969). बील आणि लोकाई, दोघांचे चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. बील पन्नास हजार वर्षं लोकाईच्या मागावर आहे. दोघांत फरक काय, हे बील स्वतः सांगेपर्यंत यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा अधिकारी स्पॉक यांनाही उमगत नाही. नेमकं त्या वाक्याच्या आधी थांबवा, प्रत्येकाला चिठ्ठी द्या आणि दिसलेला फरक लिहायला सांगा. बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या येतात, कारण फरक एवढाच की एकाची काळी बाजू उजवी, दुसऱ्याची डावी. हा भाग हातोड्याने ठोकून सांगितल्यासारखा आहे, नाजूकपणा शोधू नका. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘बील म्हणजे कोण आणि लोकाई म्हणजे कोण’ असा हिशोब मांडणं. पहिल्या अर्ध्या तासात गावाचं, पक्षाचं, भाषेचं नाव काढायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगा.

तिसऱ्या शनिवारचा ‘डार्मोक’ हा सगळ्या खटाटोपाचा गाभा.

‘डार्मोक’ची तयारी

‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या पाचव्या हंगामातला हा दुसरा भाग 30 सप्टेंबर 1991 चा. एरवी या मालिकेत भाषेची अडचण यंत्रावर ढकललेली असते. युनिव्हर्सल ट्रान्सलेटर चालू, आणि परग्रहावरचे सगळे अस्खलित इंग्रजी बोलतात. बेळगावात बसून बघणाऱ्याला ही पळवाट लगेच खटकते आणि खटकायलाच हवी. ‘डार्मोक’मध्ये ते यंत्र शब्द बरोबर देतं, तरी अर्थ लागत नाही, कारण टमेरियन लोक फक्त आपल्या कथांमधल्या नावांनी बोलतात. ‘शाका, भिंती कोसळल्या तेव्हा’ म्हणजे अपयश. डार्मोक आणि जलाद हे तनाग्रा बेटावर एकाच श्वापदाशी लढून मित्र झाले होते. तेच घडवून आणायला टमेरियन कप्तान डेथॉन यानाचा कप्तान पिकार्डला एका ग्रहावर उतरवून घेतो. पिकार्डला ते उमजेपर्यंत डेथॉन जीवघेणा जखमी झालेला असतो.

बघण्याआधी वीस मिनिटं चिठ्ठ्यांचा खेळ घ्या. प्रत्येकाने आपल्या भाषेतले, एखाद्या गोष्टीवर बेतलेले दोन वाक्प्रचार लिहायचे आणि दुसऱ्या भाषेच्या शेजाऱ्याला फक्त शब्दशः सांगायचे. अर्थ सांगायचा नाही. जमिनीवर तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात न सांगता कळणारे: भगीरथ प्रयत्न, रामबाण, कुंभकर्णाची झोप. कन्नडमध्येही हे चालतात, कारण गोष्टी एकच. दुसऱ्यात गोष्ट सांगितल्यावर कळणारे. ‘ध चा मा केला’ हे कन्नड शेजाऱ्याला शब्दशः सांगून बघा, नुसती दोन अक्षरं हातात येतात. मग 1773 सालची आख्यायिका सांगा: नारायणराव पेशव्याला ‘धरावे’ असा हुकूम होता, आनंदीबाईने ‘ध’ चा ‘मा’ केला, ‘मारावे’ झालं आणि शनिवारवाड्यात त्याचा खून पडला. तिकडून ओबव्वा येईल. चित्रदुर्गाच्या किल्ल्यात भगदाडातून एकेक शिरणाऱ्या हैदर अलीच्या शिपायांना मुसळाने लोळवणारी. मुसळाला कन्नडमध्ये ओनके, म्हणून ती ओनके ओबव्वा. आपण ‘हिरकणी आहे बाई’ म्हणतो तेव्हा तीन शब्दांत अख्खा रायगडचा कडा उतरलेला असतो, हे त्यांना सांगायची हीच वेळ. तिसऱ्या ढिगात गोष्ट सांगूनही पलीकडे न पोचणारे टाका.

‘तूप’ आणि ‘अडकित्ता’ हे कन्नडमधून आलेले शब्द या खेळात आणू नका. ते भांडण वेगळं आणि ‘आमचं तुम्ही नेलं’पाशी संपणारं.

खेळ झाला की दिवा मालवा आणि भाग लावा. चिठ्ठ्या नसतील तर लोक या भागाला ‘संथ’ म्हणतात. चिठ्ठ्या झालेल्या असतील तर डेथॉन चिडून तेच वाक्य चौथ्यांदा म्हणतो तेव्हा कुणीतरी हमखास ओरडतं, ‘अरे, तो ध चा मा सांगतोय!’

सबटायटल

मराठी-कन्नड सबटायटल तयार मिळतील या भरवशावर राहू नका, आपले आपण करा, तेही घरच्या बैठकीपुरते. सभागृह घेऊन जाहीर खेळ लावायचा असेल तर हक्कदाराची परवानगी लागते. स्वतःच्या घरासाठी घेतलेल्या ओटीटीच्या वर्गणीत ती येत नाही.

पंचेचाळीस मिनिटांच्या भागाला साधारण पाचशे ते सातशे ओळी पडतात. एकाने मराठी, दुसऱ्याने कन्नड घ्यावं. एका वेळी दोनच ओळी, आणि ओळ निदान दीड सेकंद पडद्यावर राहिली पाहिजे, नाहीतर आजीला वाचून होत नाही. दोन्ही भाषा एकाच वेळी हव्यात तर सबटायटलची नेहमीची साधी एसआरटी फाइल पुरत नाही. एजिसब या मोफत प्रोग्राममध्ये, ओळींची जागा ठरवता येते अशी एएसएस फाइल करा आणि दोन स्टाइल ठेवा: मराठीला अलाइनमेंट 2, म्हणजे खाली मधोमध, कन्नडला अलाइनमेंट 8, म्हणजे वर मधोमध. खाली कोण नि वर कोण यावरून कुरबूर होऊ शकते. दर शनिवारी जागा बदला, स्टाइलमधला एक आकडा बदलला की झालं.

फॉन्टला नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड घ्या, फाइल यूटीएफ-8 मध्ये साठवा. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावलात तर बऱ्याच टीव्हींवर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, नाहीतर नुसते चौकोन दिसतात. लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर चालवून एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा, प्रश्न मिटतो.

सगळ्यात जास्त रडवतो तो फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं धावतात तो आकडा. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डिस्कवर 24 फ्रेमची फिल्म बहुधा 25 नी धावते, म्हणजे चार टक्के जास्त वेगाने. पन्नास मिनिटांच्या भागात शेवटी जवळपास दोन मिनिटांचा फरक पडतो. सबटायटल सुरुवातीपासून सारखेच मागे-पुढे असतील तर व्हीएलसीत जी आणि एच या कळा दाबून जुळतात, दर दाबाला 50 मिलिसेकंद. पण सुरुवातीला जुळलेले आणि पुढे पुढे सुटत जाणारे असतील तर त्या कळांनी काही होत नाही. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्राममध्ये फ्रेम रेट बदलूनच घ्यावा लागतो. तपासायला शेवटची पाच मिनिटं आधी लावून बघा, सुरुवातीची नव्हे.

‘डार्मोक’ची एक खास अडचण आहे. भाषांतर करणाऱ्याला मदत करायचा मोह होतो आणि तो ‘शाका’च्या ओळीखाली ‘आम्ही हरलो’ असं लिहून मोकळा होतो. सगळा भाग तिथेच मेला. टमेरियन वाक्यं शब्दशः ठेवा, नावं आहेत तशी ठेवा, कंसात खुलासा नको.

बोलणं कसं चालवायचं

बोलणाऱ्याने आपल्याच भाषेत बोलावं, पण चार वाक्यांवर थांबावं. दोन्ही भाषा येणाऱ्याने ती दुसऱ्या भाषेत सांगावीत. बेळगावात असा माणूस प्रत्येक गल्लीत असतो, बहुधा दुकानदार नाहीतर शाळेतल्या बाई. हे काम दर वेळी वेगळ्याला द्या. एकच माणूस महिनाभर दुभाष्या राहिला तर तो दमतो, आणि त्याचंच मत दोन्हीकडे पोचायला लागतं. कुणाचं खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं. ‘तसं नव्हे अक्का, मी म्हटलं ते वेगळं’ असं दोनदा झालं तर तिसऱ्यांदा प्रयत्न करायचा, खोडणं नंतर.

मालिकेची खोटही काढू द्या. पहिल्या मालिकेतल्या बायकांच्या वाट्याला काम किती आलं, ते मोजायला एका मुलीला वही द्या. ‘स्पेस सीड’ (1967) मधला खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला शीख सांगितला आहे, काम केलंय मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबाननी, आणि तो खलनायक. त्या सहिष्णू भविष्यात आपल्या वाट्याला हे आलं, यावर दोन्ही भाषांचं पटकन एकमत होतं.

चौथा शनिवार, आणि तारखा

1 नोव्हेंबरच्या आसपास आणि बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना बैठक ठेवू नका. कन्नड बाजूचा राज्योत्सव, मराठी बाजूचा काळा दिवस, बंद, बंदोबस्त, यातून कोण येणार?

शेवटचा भाग ‘जर्नीज एंड’ (मार्च 1994). फेडरेशन (पिकार्डच्या बाजूचा ग्रहसंघ) आणि शेजारचे कार्डेशियन यांच्यात करार होतो, सीमा नव्याने आखली जाते आणि डॉर्व्हन-5 वरची वस्ती पलीकडे जाते. लोकांना हलवायचा हुकूम पिकार्डला मिळतो, ते हलत नाहीत, शेवटी फेडरेशनचं नागरिकत्व सोडून कार्डेशियन अमलाखाली तिथेच राहतात. हा भाग पहिल्या शनिवारी लावला तर दुसरा शनिवार येत नाही. चौथ्या शनिवारीही कुणीतरी महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन अहवाल काढणारच. आयोग 1966 चा, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षीचा, हे ऐकवून अर्धा मिनिट हशा मिळवता येतो, त्यापुढे नाही. तेव्हा प्रश्न आधीच ठरवून ठेवा आणि तो पिकार्डबद्दलच असू द्या: हुकूम चुकीचा वाटत असताना त्याने कितव्या मिनिटाला थांबायला हवं होतं? मिनिट सांगायला लावलं की माणसं परत पडद्याकडे बघतात.

आवाज चढलाच तर चहा मधेच द्या, शेवटासाठी राखून ठेवू नका. कुंदा, बेळगावची ती दुधाची मिठाई, अर्धा किलो पंधरा जणांना पुरतो. साडेआठला टीव्ही बंद करा, खानापूरकडून आलेल्यांना गाडी गाठायची असते.