स्वयंसेवकांचा सत्कार करताय? मग या चुका टाळा

पूर असो, स्वच्छता अभियान असो की विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करणं असो, गावोगावी माणसं एक पैसा न घेता राबतात. ग्रामपंचायतीनं, नगरपालिकेनं त्यांचा गौरव करायलाच हवा. पण दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला त्याच त्या चुका होतात आणि राबणारी माणसं दुखावून घरी जातात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे नावं आदल्या रात्री ठरवणं. शाली आलेल्या असतात, मंडप बांधून झालेला असतो आणि रात्री कार्यालयात चर्चा सुरू होते, "कुणाकुणाला बोलवायचं?" अशा घाईत नावं सुचतात ती रोज डोळ्यांसमोर असणाऱ्यांची.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडं महापूर आला, त्यानंतरची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात पाणी ओसरल्यावर सत्कार ठरला आणि यादी केली व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवरून. बिस्किटांचे पुडे वाटणारे, पाण्याच्या बाटल्या उतरवणारे सगळे त्यात होते. गुऱ्हाळाची काहील, म्हणजे गूळ कढवायची मोठी कढई, नावेसारखी पाण्यात सोडून ज्यानं म्हातारीकोतारी माणसं आणि एक ओली बाळंतीण बाहेर काढली, तो एकाही फोटोत नव्हता. हातात बांबू धरून काहील सांभाळणारा माणूस फोटो काढणार कधी? सत्काराच्या दिवशी तो मागे उभा राहिला, टाळ्याही वाजवल्या. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं. त्यानं आपली माणसं हलवली, गोठ्यातली जनावरं सोडली आणि थांबला. बोलवायला गेलेल्यांना एवढंच म्हणाला, "फोटोतल्यांना बोलवा की." त्याला कुणी दोष देऊ नये. गावानंच त्याला तसं शिकवलं होतं.

यावर माझा उपाय म्हणजे एक दोनशे पानी वही. ती कार्यालयात, सगळ्यांच्या हाताशी हवी. तारीख, काम, ठिकाण, किती वेळ दिला आणि कुणी पाहिलं, एवढेच रकाने. शेवटचा रकाना रिकामा ठेवू देऊ नका, कारण खोट्या नोंदी तिथंच अडतात. नावं गोळा करायला मी आधी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं, पाणी सोडणाऱ्याकडं आणि अंगणवाडीताईंकडं जातो, सदस्यांकडं नंतर. पहाटे कोण कुठं होतं, हे याच माणसांना ठाऊक असतं. मग ती यादी ग्रामसभेत वाचायची. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, त्यातली एक यासाठी वापरा. यादी वाचताना कुणीतरी उठून म्हणतंच, "अहो, तिचं नाव राहिलं." ते राहिलेलं नाव बहुतेक वेळा यादीतल्या निम्म्या नावांपेक्षा मोठं निघतं.

शासनानं २०२३ पासून प्रत्येक ग्रामपंचायतीत महिला व बालविकासाचं काम करणाऱ्या दोन महिलांना अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं पुरस्कार द्यायला सुरुवात केली. ३१ मे ही जयंतीची तारीख दरवर्षी तीच असते, तरी वही नसलेल्या गावात नावांची शोधाशोध ३० मेला सुरू होते.

दुसरी चूक मला याहून जास्त टोचते. हक्काचे पैसे थकवून शाल घालायची! आशाताईंना योजनेच्या कागदावर स्वयंसेविका म्हणतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला आणि तो योग्यच होता. पण याच ताईंना मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरावं लागतं. मोबदला देणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही, हे मान्य. मात्र सत्काराआधी सरपंचांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थकलेल्या रकमेची चौकशी करावी, पंचायत समितीला पत्र द्यावं आणि त्याची प्रत ताईंच्या हातात ठेवावी. माझ्या मते त्या प्रतीची किंमत शालीपेक्षा जास्त आहे.

नव्यानं निवडून आलेल्यांची घाई हा आणखी एक त्रास. शपथेचा हार सुकायच्या आत 'आदर्श स्वयंसेवक' पुरस्कार जाहीर होतो. किमान एक पावसाळा जाऊ द्या. पहिल्या वर्षी फक्त वही भरा, पुरस्कार नको. लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या.

मोबाइलवर मतदान घेऊन विजेता ठरवणं तर पूर्ण बंद करा. त्यात ज्याची भावकी मोठी तो जिंकतो.

प्रमाणपत्रावर 'उल्लेखनीय कार्याबद्दल' एवढंच लिहू नका. 'वेशीजवळची तुंबलेली गटार तीन रविवार उपसली' असं लिहा, माणूस ते चौकट करून भिंतीला लावतो. नावं घरी जाऊन विचारून घ्या. स्त्रियांना त्यांचं नाव कसं लिहायचं ते विचारा, परस्पर 'सौ.' लावून नवऱ्याचं नाव पुढं ओढू नका.

रोजंदारीवर जाणाऱ्यांचा सत्कार सकाळी अकराला ठेवला, तर त्यांचा खाडा होतो. संध्याकाळी ठेवा. पाहुण्यांची भाषणं सत्कारानंतर. एकाच वेळी पन्नास जणांना व्यासपीठावर ढकलू नका, प्रत्येकाचं काम वाचून दाखवा. वेळ अपुरा पडत असेल तर पाहुणे कमी करा.

आणि शालीपलीकडं काही द्यायचं असेल तर केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेकडं बघा. तिथं स्वयंसेवकाला प्रशिक्षण, साहित्याचं किट आणि विमा देण्याची तरतूद आहे. गावाच्या पैशातून किट परवडत नसेल तरी लाइफ जॅकेट, चांगली बॅटरी आणि मजबूत दोर एवढं जमतं. ते मे महिन्यातच माणसाच्या घरी पोचवा, कार्यालयातल्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका. पाणी रात्री चढतं आणि किल्ली नेमकी त्याच वेळी सापडत नाही.