सुपरहिरोला अडवणार कोण? चित्रपटातलं राजकारण वाचायची रीत

सुपरहिरोचा चित्रपट सुटला की कट्ट्यावर पहिला खेळ रंगतो तो नावं चिकटवण्याचा. खलनायक थॅनॉस म्हणजे अमुक साहेब, जोकर म्हणजे तमुक. हसायला झकास, पण वाचन म्हणून फुसका बार. पुढच्या निवडणुकीत तो नेता मागं पडला की रूपकही शिळं. वही घेऊन बसायचं असेल तर प्रश्नच बदला. 'हा कोण?' हे सोडा, 'याला अडवणार कोण?' हे विचारा. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात मल्ल कितीही ताकदीचा असो, समोरचा चितपट झाला की नाही हे तो स्वतः ठरवत नाही, पंच ठरवतात. पडद्यावरच्या कुस्तीत पंच कुठं बसलेत, आणि बसलेतच का, एवढ्याचाच शोध घ्यायचा आहे.

मराठी माणसाला ही विद्या नवी नाही. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. सरकारलाही ते बरोबर कळलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. महाभारतातल्या याच कथेवर बाबूराव पेंटरांनी इथं कोल्हापुरात 'सैरंध्री' काढला, तो १९२० साली. आता नीट बघा: कीचक म्हणजे कर्झन ही जोडी लावणं पोरखेळ आहे. नाटकाचा जीव आहे तो युधिष्ठिर आणि भीम यांच्यातल्या ताणात. अन्याय डोळ्यांसमोर चाललेला असताना नियम पाळून थांबायचं की हात उचलायचा? म्हणून चित्रपटात खलनायकाच्या आधी ही जोडी शोधा: एकाच बाजूची, एकमेकांवर विश्वास असलेली, तरीही न पटणारी दोन माणसं. ती सापडली नाहीत तर त्या चित्रपटात राजकारण फारसं नाही, नुसती हाणामारी आहे. असे चित्रपट बरेच असतात. त्यांच्यातून ओढूनताणून अर्थ काढू नका.

पहिल्यांदा चित्रपट वहीशिवाय बघायचा, मजा घेत. दुसऱ्यांदा घरी, हातात पेन आणि रिमोट घेऊन. वहीचं पान आडवं धरून चार रकाने पाडा: ताकद कुठून आली, तिला कोण अडवू शकतं, नुकसान झालं तर भरपाई कोण देतं, आणि सामान्य माणूस त्या वेळी काय करतो. प्रत्येक नोंदीपुढं मिनिट लिहा. 'द डार्क नाइट' १५२ मिनिटांचा आहे, 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' १४७, 'ब्लॅक पँथर' १३४. थांबत-थांबत बघायला साधारण चार तास धरा आणि वीस-पंचवीस नोंदींवर थांबा. पन्नास झाल्या तर तुम्ही कथा उतरवून घेताय. तिसरा आणि चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. राहू द्या. तो रिकामा रकाना हीच तुमची सर्वांत मोलाची नोंद.

डबिंगवर विसंबू नका. ओठांच्या हालचालीत शब्द बसवायचे असतात, त्यामुळं कायदा, करार, नोंदणी, मतदान असले शब्द आधी गळतात. महत्त्वाचा संवाद मूळ आवाजात सबटायटल लावून पुन्हा ऐका.

सुरुवात 'द डार्क नाइट'पासूनच करावी. २००८ चा हा बॅटमॅनपट या कामासाठी अजूनही सगळ्यांत भरलेला आहे. पहिला थांबा जेवणाच्या टेबलावर. शहराचा सरकारी वकील हार्वे डेंट म्हणतो, शत्रू वेशीवर आला की रोमन लोक लोकशाही बाजूला ठेवून एकाच माणसाच्या हाती शहर सोपवत. त्याची सहकारी रेचल लगेच सुनावते, शेवटी ज्याच्या हाती सोपवलं तो सीझर होता आणि त्यानं सत्ता परत दिलीच नाही. पुढचा अख्खा चित्रपट हाच वाद घालत बसतो.

दुसरा थांबा मोबाइलच्या यंत्राचा. खलनायक जोकरला शोधायला बॅटमॅन शहरातल्या प्रत्येक फोनचा कान आणि डोळा करतो. बॅटमॅनला यंत्रं पुरवणारा लुशियस फॉक्स म्हणतो, एका माणसाच्या हाती एवढी ताकद असू नये. एकदाच वापरतो, मग राजीनामा. काम झाल्यावर तो आपलं नाव टाइप करतो आणि यंत्र बंद पडतं. थिएटरात इथं सुटकेचा श्वास सोडतात. वहीत मात्र दुसऱ्या रकान्यात लिहा: अडवणारा एक चांगला माणूस, न्यायालय नाही, सभागृह नाही, मुदत नाही. शेजारी आपल्याकडची नोंद ठेवा. १९७५ ची आणीबाणी 'अंतर्गत अशांतते'च्या नावावर लागू झाली होती. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ते शब्द काढून 'सशस्त्र उठाव' असे शब्द घातले आणि मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक केला. फॉक्सच्या जागी उद्या दुसरा कुणी बसला तर काय, याची तजवीज लेखी शब्द करतो. चित्रपट ती करत नाही, आणि केली नाही हे जाणवूही देत नाही.

तिसरा थांबा दोन बोटींचा. एकीवर सामान्य नागरिक, दुसरीवर कैदी. दोन्हींवर स्फोटकं, आणि प्रत्येकीच्या हातात दुसरीला उडवायचं बटण. मध्यरात्रीपर्यंत कुणीच दाबलं नाही तर दोन्ही बोटी उडवीन, अशी जोकरची धमकी. नागरिक चिठ्ठ्यांवर मतदान करतात. निकाल: उडवा म्हणणारे ३९६, नको म्हणणारे १४०. बहुमत झालं, प्रक्रिया व्यवस्थित पार पडली, पण बटण दाबायला एकही हात पुढं येत नाही. एक जण येतो, यंत्र उचलतो आणि परत ठेवतो. कैद्यांच्या बोटीवर मतदान वगैरे काही नाही. एक धिप्पाड कैदी बटण मागून घेतो आणि खिडकीबाहेर भिरकावून देतो.

इथं घाई करू नका, हा प्रसंग तीनदा बघा. एकदा फक्त घड्याळासाठी: मुदत कुणी ठरवली? जोकरनं. भीतीच्या मुदतीत घेतलेलं मत कितपत मत असतं, हा वेगळा प्रश्न म्हणून लिहा. दुसऱ्यांदा चिठ्ठीसाठी: गुप्त मतदान माणसाला दडपणातून सोडवतं, हे आपण शाळेत शिकलो, इथं तेच गुप्त मतदान माणसाला जबाबदारीतूनही सोडवतं. तिसऱ्यांदा, कैद्यांबद्दल नागरिक काय बोलतात ते ऐकायला. त्यांना त्यांची संधी मिळाली होती, असा सूर निघतो. कुणाचा जीव कमी किमतीचा हे आधी ठरलं, मतदान नंतर झालं.

खलनायकाकडं वळताना एक खूणगाठ बांधा. या चित्रपटांत विषमतेवर, जुन्या अन्यायावर सर्वांत खणखणीत बोलतो तो बहुधा खलनायकच. 'ब्लॅक पँथर'चा किलमाँगर विचारतो ते खोटं नाही: जगभर काळी माणसं चिरडली जात असताना वकांडा हा पुढारलेला (काल्पनिक) आफ्रिकी देश लपून का बसला? 'द डार्क नाइट राइझेस'मधला बेन बॅटमॅनचं गॉथम शहर जनतेला परत देतोय अशी भाषा करतो. मग पटकथा एक चलाखी करते. मागणी रास्त वाटू लागेल एवढ्यात त्या माणसाच्या हातून एखादं निर्घृण कृत्य करवते. किलमाँगर आपल्याच मैत्रिणीला गोळी घालतो. बेनच्या स्वातंत्र्याखाली शहर उडवणारा बॉम्ब निघतो. ते मिनिट टिपा. पुढं शेवटापर्यंत त्या मागणीचं काय झालं ते शोधा. 'ब्लॅक पँथर' निदान शेवटी वकांडाची दारं उघडतो. बहुतेक चित्रपट खलनायकाबरोबर मागणीही गाडतात.

किलमाँगर आणखी एका कारणानं वाचण्यासारखा आहे. तो गादीवर घुसखोरी करत नाही. रीतसर आव्हान देतो, धबधब्यावर सर्वांसमोर लढतो, जिंकतो आणि बसतो. बसल्यावर पहिल्याच फटक्यात ज्या वनस्पतीतून पुढच्या राजाला ताकद मिळायची तिची बागच जाळायला सांगतो. आपण ज्या दारानं आलो ते दार मागून बंद करणं. सेनापती ओकोये अडकते ती इथं: निष्ठा गादीशी, मग गादीवर कुणीही असो? आणि हे सगळं चालू असताना वकांडाच्या प्रजेला कुणी काही विचारलं का? चौथा रकाना बघा.

'सिव्हिल वॉर'मध्ये प्रश्न थेट आहे: ११७ देशांनी मान्य केलेला संयुक्त राष्ट्रसंघाचा करार, म्हणजे सुपरहिरोंवर पंच नेमायचे. टोनी (आयर्न मॅन) सही करतो, स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) नाही. बाजू घेण्याआधी तिसरा रकाना उघडा. सुपरहिरोंच्या आधीच्या लढाईत सोकोव्हिया या काल्पनिक देशात मेलेल्या मुलाची आई टोनीला गाठते, आणि ज्याचं कुटुंब तिथं गेलं तो झेमो सूडाला निघतो. त्याला ठोठावायला दारच नव्हतं. शेवटी मात्र भांडण टोनीच्या आईवडिलांच्या खुनावर येतं आणि कराराचा प्रश्न हवेत विरतो. बहुतेक सुपरहिरोपटांत हे तिसऱ्या अंकात होतं. प्रश्न कोणत्या मिनिटाला गायब झाला तेवढं लिहून ठेवा.

आपल्या मातीतला चित्रपट हवा असेल तर मल्याळम 'मिन्नल मुरली' घ्या, २०२१ चा. एकच वीज दोघांवर पडते, एक शिंपी आणि एक गावानं वेडा ठरवलेला. संयुक्त राष्ट्रसंघ नाही, फक्त गाव. भरपाईचा रकाना इथं वेगळाच भरतो.

कोल्हापूरकराला एक जास्तीची अडचण येते. आपल्याला खरोखरच चांगला राजा मिळाला होता, त्यामुळं 'एकच भला माणूस सगळं नीट करील' ही गोष्ट आपल्याला पटकन पटते. पण शाहू महाराजांचं टिकलं काय ते बघा: २६ जुलै १९०२ चा निम्म्या जागा राखून ठेवणारा लेखी आदेश, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. दोन्ही कागदावर, राजाच्या मर्जीवर नव्हे. त्याच्याच जोडीला बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण वाचा. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, हा इशारा त्यात आहे. तो वाचून 'द डार्क नाइट'चा शेवट पुन्हा बघा, जिथं पोलीस अधिकारी गॉर्डन आणि बॅटमॅन शहराच्या भल्यासाठी डेंटचे गुन्हे लपवून शहराशी खोटं बोलतात.

नोंदी झाल्या की एका वाक्यात दावा लिहा: 'हा चित्रपट अमुक म्हणतो, पण तमुक प्रश्नाला बगल देतो.' मग अदलाबदल करा. मनात जो नेता ठेवून वाचलंत त्याच्या जागी विरोधी पक्षातला ठेवा. दावा तसाच उभा राहिला तर रचना सापडली. फक्त नावडत्यावरच बसत असेल तर ती तुमची चीड आहे, खोडा. चित्रपट कुठं आणि कधी बनला तेही कोपऱ्यात लिहा. २००८ सालच्या अमेरिकेतल्या चित्रपटानं आपल्या महापालिकेचं भाकीत केलेलं नसतं.

चर्चा घ्यायची असेल तर दहा-बारा जण पुरेत, दोन तास. चित्रपट ज्यानं-त्यानं आधीच घरी बघून यायचा. कॉलेज आपल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना दाखवू शकतं, कॉपीराइट कायद्यात तशी सूट आहे. बाहेरच्या लोकांसाठी हॉल घेऊन दाखवायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते. पहिली पंधरा मिनिटं हयात नेत्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम दारातच सांगा. तो मोडला की मिसळीवरच्या गप्पा सुरू होतात आणि चित्रपट बाजूला राहतो.

त्या पंधरा मिनिटांत बोटींचं मतदान घ्या. सारख्या आकाराच्या कोऱ्या चिठ्ठ्या, एक डबा, प्रश्न एकच: नागरिकांच्या बोटीवर तुम्ही असता तर 'उडवा' की 'नको'? चिठ्ठ्या मोजा, पण आकडा सांगू नका. लगेच तोच प्रश्न हात वर करून विचारा, नावानिशी. मग फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहा, खाली ३९६ आणि १४०, आणि पहिला बोलायला अशा माणसाला उठवा ज्यानं हात वर करताना शेजाऱ्याकडं पाहिलं होतं.