पेट्रोलच्या पावत्या कोऱ्या होण्याआधी

संशोधन प्रकल्पाचं उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला निधी कशावर खर्च झाला ते दाखवणारा कागद) करायला मार्चअखेर बसलं की पेट्रोलच्या पावत्या कोऱ्या निघतात. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर जूनमध्ये नमुने घेतले, त्या फेरीच्या पावतीवर रक्कमच उरली नव्हती. या पावत्या थर्मल कागदावर, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेल्या असतात आणि आपल्याकडच्या दमट उकाड्यात ती छपाई टिकत नाही.

१. पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.
२. झेरॉक्सवर प्रकल्प क्रमांक, खर्चाचं शीर्ष (प्रवास, रसायनं, आकस्मिक) आणि कामाचं कारण लिहून सही करा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण सहा महिन्यांनी कुठली फेरी कशासाठी होती ते आठवत नाही.
३. मूळ पावती मागे टाचा.

होडीवाल्याकडे छापील पावती नसते. साध्या कागदावर तारीख, रक्कम, सही जेटीवरच घ्या.

मूळ पावती लॅमिनेट मात्र करू नका, उष्णतेने ती काळी पडते.