कस्टम चाकूंचे वर्गीकरण करताना या चुका टाळा

एकाच चाकूला विक्रेता ‘कस्टम’ म्हणतो, संग्राहक ‘हँडमेड’ म्हणतो आणि तो बनवणारा कारागीर त्याला नुसते ‘हंटर’, म्हणजे शिकारीचा चाकू, म्हणतो. तिघांचेही म्हणणे बरोबर असू शकते, कारण प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. चाकू कोणी केला, पाते कोणत्या पद्धतीने तयार झाले, चाकूची रचना कशी आहे आणि तो कोणत्या कामासाठी आहे, हे चार स्वतंत्र प्रश्न आहेत. वर्गीकरणातल्या बहुतेक चुका या चारही उत्तरांना एकाच रकान्यात कोंबल्यामुळे होतात.

‘कस्टम’ हा शब्द सरसकट वापरणे

काटेकोर अर्थाने कस्टम चाकू म्हणजे ग्राहकाच्या मागणीनुसार केलेला चाकू. कारागिराने स्वतःच्या कल्पनेने करून प्रदर्शनात मांडलेला चाकू हाताने केलेला असतो, पण या अर्थाने तो कस्टम नसतो. व्यवहारात दोन्हींना हाच शब्द लावला जातो आणि ते आता बदलणार नाही, म्हणून नोंदीत त्याच्यापुढे तपशील लिहिणे आवश्यक आहे. ‘सोल ऑथरशिप’ याचा अर्थ आराखड्यापासून पात्याला पाणी देण्यापर्यंतचे प्रत्येक काम एकाच व्यक्तीने केले, असा होतो. स्टेनलेस आणि पावडर पोलादांना नियंत्रित तापमानाची भट्टी लागते आणि अनेकदा शून्याच्या बऱ्याच खालच्या तापमानापर्यंत थंड करण्याची प्रक्रियाही लागते, त्यामुळे अनेक उत्तम कारागीर हे काम बाहेरून करून घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त अशा चाकूवर सोल ऑथरशिपचा दावा करता येत नाही. ‘मिड-टेक’ चाकूचे भाग सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, यंत्रावर तुकडीने कापलेले असतात आणि घासकाम, जुळणी व शेवटचा हात कारागिराचा असतो. गोंधळ टाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे आराखडा, कापणी, घासकाम, उष्णता-प्रक्रिया, मूठ आणि म्यान यांतील प्रत्येक काम कोणी केले हे कारागिराला विचारून लिहून ठेवणे. कारागिरांनी ते न विचारताच सांगावे, असे मला ठामपणे वाटते.

ठोकून घडवलेले पाते आपोआप श्रेष्ठ मानणे

ही सर्वांत हट्टी चूक आहे. तापवलेले पोलाद घणाने घडवणे आणि पोलादाच्या पट्टीतून नको तो भाग घासून काढणे, म्हणजे ‘स्टॉक रिमूव्हल’, या दोन पद्धती आहेत. त्या गुणवत्तेच्या पायऱ्या नाहीत. अमेरिकन कारागीर बॉब लव्हलेस यांनी ज्या ड्रॉप-पॉइंट, म्हणजे टोकाकडे पाठ उतरत जाणाऱ्या, हंटरला लौकिक मिळवून दिला, तो स्टॉक रिमूव्हलनेच होत असे आणि आजही त्यांचे चाकू संग्राहक आवर्जून शोधतात. दुसऱ्या, म्हणजे ठोकून घडवण्याच्या, परंपरेत अमेरिकन कारागीर बिल मोरान यांनी 1973 मध्ये नक्षीदार दमास्कस पाती प्रदर्शनात मांडली आणि 1976 मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. या संस्थेच्या कसोटीत एकाच पात्याने लोंबकळता एक इंच जाडीचा दोर एका घावात कापावा लागतो, लाकडी फळी दोनदा तोडावी लागते, त्यानंतरही धारेने केस निघावे लागतात आणि शेवटी पाते पकडीत धरून 90 अंशांत वाकवावे लागते. हे सर्व जमण्यासाठी धार कठीण आणि पाठ तुलनेने मऊ ठेवावी लागते. ही कसोटी घडवलेल्या पात्यासाठी आहे. सर्वत्र सारख्या कठीणपणाचा स्टेनलेस हंटर तितका वाकला नाही म्हणून त्याला हलका ठरवणे अन्यायाचे आहे.

पृष्ठभागावरील नक्षीवर विसंबणे

‘दमास्कस’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. वूट्झ हे मुशीत तयार होणारे पोलाद असून त्यातील नक्षी धातूच्या आतल्या रचनेतून उमटते. आजचे बहुतेक दमास्कस मात्र वेगवेगळ्या पोलादांचे थर भट्टीत एकजीव करून घडवलेले असते. याशिवाय साध्या पोलादावर लेसरने किंवा आम्लाने नक्षी उमटवलेली पातीही बाजारात मिळतात. शंका आली तर पात्याची पाठ पाहावी, कारण खऱ्या थरांच्या रेषा तिथेही पुढे गेलेल्या दिसतात. वापराने नक्षी पुसट झाली असेल, तर कारागिराकडून पाते नक्षी उठवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये पुन्हा बुडवून घेता येते. थरांची नक्षी परत येते, वरवरची येत नाही. थरांची संख्या ही मात्र गुणवत्तेची खूण नव्हे.

हामोनच्या बाबतीतही असेच होते. ती कठीण धार आणि मऊ पाठ यांच्यामधली सीमारेषा असते आणि 1095 किंवा डब्ल्यू2 यांसारख्या वरच्या थरापुरत्या कठीण होणाऱ्या पोलादांत ती चांगली उमटते. हवेतच कठीण होणाऱ्या स्टेनलेस पात्यावर हामोन असल्याचे सांगितले, तर ती रेषा सान माई पात्याची, म्हणजे मधले कठीण पोलाद आणि बाजूची आवरणे यांच्या जोडाची, आहे का ते आधी तपासावे.

पोलादाच्या रकान्यात डी2 स्टेनलेस म्हणून नोंदवू नये. त्यात सुमारे 12 टक्के क्रोमियम असले तरी त्याचा मोठा भाग कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडल्या गेलेल्या कठीण कणांत, अडकलेला असतो आणि पाते गंजू शकते.

रचना आणि उपयोग यांची सरमिसळ

ड्रॉप पॉइंट हा टोकाचा आकार आहे, हंटर हा उपयोग आहे. बोवी या मोठ्या पात्याच्या चाकूच्या टोकाकडील पाठ उतरती घासलेली असली तरी तिला धार नसेल, तर तो दुधारी खंजीर ठरत नाही. अनेक देशांत दुधारी पात्याला वेगळे नियम असल्याने या फरकाला कायदेशीर महत्त्वही असते. घडीच्या चाकूत स्लिपजॉइंटला उघडे पाते अडवून धरणारे कुलूपच नसते. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी पाते अडवते, तर फ्रेम लॉकमध्ये मुठीची बाजूच ते काम करते. चाकू कारागीर ख्रिस रीव्ह यांनी आपल्या अशा कुलपाला ‘इंटिग्रल लॉक’ म्हटले, पण स्थिर पात्याच्या चाकूत ‘इंटिग्रल’ म्हणजे पाते आणि बोल्स्टर (पाते व मूठ यांच्यामधला धातूचा भाग) एकाच पोलादातून काढलेले. म्हणून नोंदीत नुसते ‘इंटिग्रल’ लिहू नये. कोरीवकाम केले म्हणून कामाचा चाकू लगेच ‘आर्ट नाइफ’, म्हणजे शोभेचा चाकू, होत नाही; तो मुळात वापरासाठी आखला होता का, हे पाहावे.

पात्यावरील कारागिराच्या शिक्क्याची नोंदही केवळ नावापुरती ठेवू नये. लव्हलेस यांच्या पात्यांवर डेलावेअर मेड, लॉनडेल आणि रिव्हरसाइड अशा वेगवेगळ्या काळांतल्या खुणा आढळतात आणि त्यांवरून चाकूचा कालखंड ठरवायला मदत होते. शिक्क्याचे छायाचित्र, त्याची पात्यावरील जागा आणि अक्षरांची मांडणी जशीच्या तशी टिपावी आणि त्या भागावर पॉलिश करू नये.