रतनगडाची गोल फेरी: निघण्याआधी काय काय बघाल

पायथ्याच्या रतनवाडी गावातून शिडीच्या वाटेने चढायचं, माथा फिरत नेढं (कातळातलं आरपार भोक) गाठायचं, त्र्यंबक दरवाजाने उतरायचं आणि कड्याखालून आडवं येत पुन्हा रतनवाडीची वाट धरायची. १२९७ मीटर उंचीच्या रतनगडाची ही फेरी एका दिवसात होते. पण आल्या वाटेने परतायच्या ट्रेकची तयारी इथे पुरत नाही. त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्या एकदा उतरलात की मागे फिरणं म्हणजे त्या सगळ्या पुन्हा चढणं. म्हणून सगळ्यात आधी एका कागदावर वेळ लिहा: नेढ्यात दुपारी एकपर्यंत पोहोचलो तर पुढे, नाहीतर आल्या वाटेने परत. हे घरी बसून, सगळ्यांच्या देखत ठरवा. वर वारा लागतो, समोर अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई दिसते, आणि मग "अजून थोडं बसू" म्हणणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही.

आमचं एकदा तेच झालं होतं. नेढ्यात तीन वाजले, तरी आम्ही पुढे निघालो. डिसेंबर होता. माथ्यावर ऊन असतानाच खालच्या रानात अंधारून आलं. पाच जणांत टॉर्च एक. मधल्या दोघांना स्वतःचा पाय कुठे पडतोय तेही दिसत नव्हतं. तेव्हापासून दिवसाचा ट्रेक असला तरी प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतःचा टॉर्च असतोच, शक्यतो डोक्याला लावायचा, आणि जोडीला जास्तीचे सेल. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. उतरताना दोन्ही हात लागतात.

महिना निवडताना पावसाळा या फेरीसाठी सरळ वगळा. कातळ शेवाळतो, आणि रानातून जाताना ओलांडावं लागणारं प्रवरेचं पाणी बघता बघता वाढतं. पाऊस थांबून वाटा सुकल्या की फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. सोनकी फुललेली बघायची म्हणून सप्टेंबरअखेरीस जाणार असाल तर शिडीने चढून शिडीनेच उतरा. तेव्हा माथ्यावर गवत इतकं माजलेलं असतं की कड्याची कड कुठे संपते ते कळत नाही.

आठवडाभर आधी रतनवाडीत फोन करून मुक्काम, जेवण आणि वाटाड्या ठरवा. ही फेरी पहिल्यांदा करताय तर वाटाड्या हवाच. रानात एक फाटा कात्राबाईची खिंड ओलांडून हरिश्चंद्रगडाकडे जातो, आणि खालून येणारी आडवी वाट दर वर्षी गवतात थोडी हरवते. वाटाड्याचे पैसे रोख न्या. तो म्हणेल त्या वेळेला निघा. गाडीत इंधन घोटीतच भरून घ्या. आदल्या रात्री गावात पोहोचलात तर उत्तम, म्हणजे सकाळी सहाला अमृतेश्वराला हात जोडून चालायला लागता येतं.

बूट नवे नकोत. पंधरा दिवस घालून मऊ केलेले, तळव्याला खाचा शिल्लक असलेले हवेत. आदल्या दिवशी पायाची नखं कापा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण त्र्यंबक दरवाजाच्या उंच पायऱ्या उतरताना अंगठा तासभर बुटाच्या टोकावर आपटत राहतो. सॅक पाठीला घट्ट बसणारी असावी. बाहेर लोंबणारी बाटली किंवा चटई शिडीच्या कठड्यात अडकते आणि तोल जातो. कपडे पूर्ण बाह्यांचे घाला, कारवी हात ओरबाडते.

पाणी माणशी तीन लिटर. वर टाकी आहेत, पण प्यायचं पाणी कोणत्या टाक्यात आहे ते वाटाड्यालाच विचारा. एका लिटरच्या बाटलीत चहाच्या छोट्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा, पायात गोळे येऊ लागले की उपयोगी पडतं. खायला भाकरी किंवा पोळी आणि सुकी भाजी, गूळ-शेंगदाणे, खजूर. चिवडा-वेफर्सने तहान वाढते. माथ्यावर माकडं असतात, तेव्हा खाण्याची पिशवी हातात धरून फिरू नका.

औषधांत इलॅस्टिक बँडेज, कापूस-पट्टी, वेदनाशामक आणि ज्याची त्याची रोजची गोळी. कुणाला मधमाशीची ॲलर्जी असेल तर ते सगळ्यांना आधी माहीत हवं. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर लावू नका, मोहोळाजवळ आरडाओरडा आणि धूर तर अजिबात नको. कातळाच्या खोबणीत हात घालण्याआधी आत बघा, फुरसं हा विषारी साप अशाच जागी बसतो.

वाटेवर बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही. म्हणून घरी एका माणसाकडे तीन गोष्टी लिहून द्या: कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, आणि रात्री किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. उतरायची वाट लिहायलाच लोक विसरतात, आणि शोधणारे शिडीच्या वाटेवर हाका मारत बसतात. ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर कागदावर लिहून तीन वेगवेगळ्या सॅकमध्ये ठेवा.

गाडीत कोरडे कपडे, चपला आणि पाण्याचा एक कॅन ठेवा. परतताना गाडी चालवणाऱ्याला आदल्या रात्री गप्पांत जागवू नका. तो लवकर झोपला की नाही, हेही यादीत लिहा.