होडीला उथळ पाण्याचा खुंटा आणि कप्पे कसे बसवावेत

धोम धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की काठाची गाळपेराची जमीन उघडी पडते आणि तिच्यापुढचं कमरेएवढं पाणी मरळ-चिलापीसाठी सोन्यासारखं असतं. दुपारी दरीतून वारा सुटला की होडी एका जागी राहत नाही, हीच काय ती अडचण. दोरीला दगड बांधून टाकला तर होडी त्याच्याभोवती फिरते, दगड गाळातून घसरत जातो, आणि तो टाकताना होणाऱ्या धबाक् आवाजानं मासा आधीच पसार झालेला असतो. म्हणून खुंटा: होडीच्या मागच्या फळीला दोन कडी, त्यांतून सरळ खाली सरकणारी काठी, टोक गाळात.

कल्पना नवी नाही. आपले नावाडी वेळू रोवतच आले आहेत. अमेरिकेत बास मासा काठाच्या गवताजवळ पकडतात, तिथल्या होड्यांना हेच काम बटणावर करणारी यंत्रं असतात. पॉवर-पोल कंपनीचे ८ आणि १० फुटी खांब आहेत, मिन कोटा कंपनीचा टॅलन नावाचा खांब १५ फुटांपर्यंत मिळतो, आणि सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ज्याला परवडतं त्यानं मागवावं. आपल्या १४ फुटी फायबरच्या होडीला हातानं रोवायचा खुंटा पुरतो. यंत्र लावा नाहीतर काठी, होडीला भोकं सारखीच पाडावी लागतात, आणि घोळ तिथेच होतो.

काठीचं लवकर उरकतो. पहिल्या हंगामाला चांगला वाळलेला कळक घ्या, स्वस्तात अंदाज येतो. कायमचं करायचं असेल तर २५ मिलिमीटर जाडीची भरीव फायबरग्लासची काठी, ८ फूट. जीआय पाइप घेऊ नका. एकदा वाकला की कड्यात अडकतो, मग ना वर ना खाली. टोकाला निमुळता आकार द्या आणि घासताना तोंडाला मास्क लावा, फायबरची भुकटी घशात फार खाजते. वरच्या टोकाला भोक पाडून दोरी ओवा आणि ती होडीला बांधा. ८ फुटांपैकी दोनेक फूट कड्यांत आणि वर जातात, फूट-दीड फूट गाळात. म्हणजे साडेचार फुटांच्या पुढच्या पाण्यात हा खुंटा रोवूच नका.

कडी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. जाड पट्टीवर पाइपचे दोन तुकडे, आतून काठीपेक्षा तीन-चार मिलिमीटर सैल. दोन कड्यांमधलं अंतर मात्र तुम्ही सांगायचं, त्याच्यावर सोडायचं नाही. वाऱ्यानं होडी १० किलोच्या जोरानं ओढली आणि टोक दोन मीटर खाली रुतलेलं असेल, तर ३० सेंटीमीटर अंतरावरच्या कड्यांवर प्रत्येकी ७० किलोच्या आसपास जोर येतो. अंतर ४५ केलंत तर तो पन्नाशीपर्यंत उतरतो. माझ्या फॅब्रिकेशनवाल्यानं पहिल्यांदा वीतभर अंतराची कडी केली होती. ‘दादा, ट्रॅक्टरला बसवायचंय का होडीला?’ असं त्यानं वर विचारलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी मोडलेली पट्टी टेबलावर ठेवली, मग त्यानं मुकाट्यानं माप घेतलं.

आता भोकं. इथे सावकाश वाचा.

फायबरच्या बहुतेक होड्यांची मागची फळी नुसत्या फायबरची नसते. आत प्लायवूड असतं आणि दोन्ही बाजूंनी फायबरचं कातडं. त्या कातड्याला भोक पाडलंत की प्लायवूडला तोंड फुटतं. ‘चार बोल्ट मारा, सिलिकॉन लावा, झालं’ हा सल्ला मला तिघांनी दिला आणि मी तो ऐकला. खुंटा एक हंगाम मजेत चालला. दुसऱ्या उन्हाळ्यात कडी किंचित हलायला लागली. मी नट आवळला. आठवड्यानं परत हलली, परत आवळला. हलवून खुंटा बळकट करावा म्हणतात, इथे उलटं होतं: प्रत्येक हेलकाव्याला भोक रुंदावत होतं आणि मी आवळत होतो तो नट कुजत चाललेल्या लाकडात रुतत होता. शेवटी एक बोल्ट काढला तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकलं. स्क्रूड्रायव्हर घातला तर तो भिजवलेल्या पेंडीत जावा तसा गेला. आतलं फायबर कापून दीड फुटाचं प्लायवूड बदलावं लागलं. पूर्ण मे महिना होडी अंगणात उलटी पडून होती.

त्यामुळे ड्रिल लावण्याआधी रुपयाच्या नाण्यानं सगळी फळी वाजवून घ्या. टणटण वाजली तर लाकूड कोरडं आहे. बद्द आवाज आला तर तिथे पाणी मुरलेलं आहे, आणि आधी ते निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुनी होडी विकत घेतानाही हेच करा, विकणारा तोंड वाकडं करेल, करू द्या.

भोकाची जागा पाण्याच्या रेषेच्या वर घ्या. इंजिन पूर्ण वळवून आणि पूर्ण वर उचलून बघा, कड्याला लागता कामा नये. मग चिकटपट्टी लावून खुणा करा. बोल्ट १० मिलिमीटरचा असेल तर भोक १० चं पाडू नका, १६ चं पाडा. होय, मुद्दाम मोठं. आधी बारीक ड्रिल, मग मोठं; आणि मोठं ड्रिल पहिल्या काही फेऱ्या उलटं फिरवा, म्हणजे वरचा रंगाचा थर तडकत नाही.

हे मोठं भोक इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग कालवले की टणक होणाऱ्या रेझिननं, भरायचं असतं. आधी पातळ इपॉक्सी कापसाच्या काडीनं आतल्या लाकडाला पाजा, दोनदा, लाकूड पिईल तेवढी. मग त्याच इपॉक्सीत अगदी बारीक भुसा किंवा सिलिका पावडर कालवून श्रीखंडाइतकी घट्ट करा. भोकाच्या मागच्या बाजूला टेप लावा आणि औषधाच्या दुकानातली २० मिलिलिटरची सिरिंज भोकाच्या तळाशी नेऊन मागे मागे घेत भरा, म्हणजे हवेचा फुगा आत राहत नाही. फायबरवाला म्हणेल, माझ्याकडे रेझिन आहे, तेच टाकतो. त्याच्याकडचं बहुधा पॉलिएस्टर असतं. लाकडाला ते इपॉक्सीइतकं धरत नाही. नको म्हणा. आणखी एक, एप्रिलच्या दुपारी मोठा कप भरून इपॉक्सी कालवू नका. कपातल्या कपात ती तापते, धूर निघतो आणि दगड होते. माझा प्लॅस्टिकचा कप वितळून हातमोज्याला चिकटला होता. सकाळी सात वाजता करा, एका वेळी दोन भोकांपुरतंच.

चोवीस तास थांबा. मग त्या टणक इपॉक्सीच्या मधोमध साडेदहाचं ड्रिल घाला. आता बोल्टभोवती इपॉक्सीचं नळकांडं आहे. उद्या सीलंट, म्हणजे फट बुजवायचा रबरी लेप, फाटला तरी पाणी लाकडाला शिवत नाही.

भोकाच्या बाहेरच्या तोंडाला काउंटरसिंकनं तीनेक मिलिमीटरचा उतार द्या. सीलंट त्या खळग्यात बसतो आणि बोल्टभोवती रबरी कड्यासारखा आवळला जातो. सपाट पृष्ठभागावर लावलात तर बोल्ट आवळताना तो सगळा बाहेर पळतो. सीलंट पॉलियुरेथेनचाच घ्या, होडीसाठीचा. सिकाफ्लेक्स २९१ मिळाला तर उत्तम. बाथरूमचं व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन कपाटात ठेवून द्या. ते फायबरवर नीट टिकत नाही, वर त्याचा तेलकट डाग राहतो ज्यावर पुढे दुसरं काहीही चिकटत नाही.

आतल्या बाजूला नुसते वॉशर लावून भागणार नाही. पाच-सहा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट चारी बोल्टना एकच, कोपरे गोल करून. बोल्ट आणि नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले) नट स्टेनलेसचे. धरणाच्या गोड्या पाण्याला ३०४ ग्रेडचं स्टेनलेस पुरतं, ३१६ चे जास्तीचे पैसे कोकणातल्यांनी द्यावेत. आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर स्टेनलेस स्टेनलेसला असं चावतं की शेवटी कटर लावावा लागतो. आवळताना बाहेरून एकानं बोल्टचं डोकं घट्ट धरायचं आणि आतून फक्त नट फिरवायचा. डोकं फिरलं की सीलंट फाटला. आठवडाभर होडी पाण्यात घालू नका.

हे सगळं झालं, मग कप्पे. आधी कप्पे करू नका. मी एकदा मागचा कप्पा आधी पक्का केला आणि कड्याचे नट त्याच्या मागे गेले. हात पोचेना, पाना पोचेना, शेवटी नवीन कप्प्याला खिडकी कापली. आता मी तिथे झाकणाची जागा मुद्दाम सोडतो.

कप्प्यांचं बाकी सोपं आहे. गळाच्या काठ्यांसाठी कडेनं पीव्हीसी पाइप. बॅटरी असेल तर ती पेटीत, पट्ट्यानं बांधून, होडीच्या मध्याकडे. १०० अँपिअर-अवरची लेड ॲसिड बॅटरी पंचवीस-तीस किलोची असते, ती मागच्या कोपऱ्यात ठेवलीत तर होडी कायम मान वर करून चालेल. फ्यूज बॅटरीच्या तोंडाशी, वायरच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. लाइफ जॅकेट कप्प्यात कुलूपबंद ठेवू नका. आणि जागा मिळावी म्हणून बाकाखालचा थर्माकोल किंवा फोम काढू नका, होडी भरली तर तोच तिला तरंगत ठेवतो.

वापराबद्दल थोडंसं. एक खुंटा रोवला की होडी त्याच्याभोवती फिरते; स्थिर हवी असेल तर मागे दोन्ही कोपऱ्यांना दोन लावा. पण लाटा उठायला लागल्या की मागून बांधलेली होडी ही बुडायची सोय आहे, कारण मागची फळी सगळ्यात बुटकी असते. धोमला एकदा चार लाटांत माझ्या घोट्यापर्यंत पाणी आलं. तेव्हापासून पाण्यावर पांढरे तुरे दिसले की मी खुंटा उपटून नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, साधा नांगर टाकतो. वाहत्या नदीतही तसंच. सांगलीकडे हरिपूरच्या संगमाजवळ पाण्याला ओढ असेल तर मागून खुंटा रोवू नका.

मुरूम किंवा खडक असेल तिथे खुंट्यावर जोर करू नका, टोक फुटतं. जुन्या शेतांचे बांधही पाण्याखाली असतातच. मऊ गाळात उलटी कटकट, खुंटा सरळ वर ओढला तर निघत नाही, गाळ तो चोखून धरतो. आधी काठी डावी-उजवीकडे चार-पाच वेळा पिळा, बुडबुडे वर आले की सोडतो.

इंजिन सुरू करण्याआधी खुंटा वर घेतलाय का ते बघा. मी वरच्या टोकाला लाल कापड बांधतो आणि ते डोळ्यांच्या उंचीला दिसल्याशिवाय इंजिनाची दोरी ओढत नाही. दोन कडी मोडल्यावर लागलेली सवय आहे. धरणात मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार सोसायटीकडे असतात, तेव्हा होडी पाण्यात ढकलण्याआधी त्यांना विचारून घ्या. आणि जूनमध्ये होडी बाहेर काढली की नाणं घेऊन ती मागची फळी पुन्हा एकदा वाजवा, आधी बोल्टच्या भोवती.